तामोत्सुचा पाच वाजताचा फोन

१

मुनाकाता किनुआजींना मूलबाळ नव्हतं. तरीही बुधवारी दुपारी त्यांच्या मुलाच्या ऑफिसातला म्हणून एक तरुण दारात आला, आणि आजींनी जांभळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं त्याच्या हाती देऊन टाकलं.

हे पाहिलं कोमियामांनी. हिनाताझाका वसाहतीच्या रहिवासी मंडळाचे ते अध्यक्ष. जिन्यात परकं पाऊल वाजलं की त्यांचं दार आपोआप किलकिलं व्हायचं, आणि चौथ्या इमारतीला लिफ्ट नसल्यामुळे एकही पाऊल त्यांना चुकवून वर जात नसे. गुरुवारी सकाळी ते हात्सुएकडे आले ते बूट काढता काढताच बोलत सुटले.

"मी विचारलं ना त्याला, कुणाकडे म्हणून! तर म्हणतो, 'मुनाकाता तामोत्सु साहेबांच्या ऑफिसातून आलोय, त्यांच्या आईकडे.' अंगात कोट, पण बापाचा असावा एवढा ढगळ. उतरताना गाठोडं असं दोन बोटांवर लटकवलेलं, आणि वर शीळ घालतोय! पोलिसांना फोन लावेपर्यंत पठ्ठ्या हातावर तुरी देऊन पसार."

"आणि किनु-सान काय म्हणतात?"

"काय म्हणणार? मूग गिळून बसल्यात. पोलीस दोनदा येऊन गेले. गाठोड्यात किती होते? मान हलवतात. बँकेचं पुस्तक दाखवा? मान हलवतात. पण खरी गंमत पुढंच आहे, ओगिनोमे-सान." कोमियामांनी आवाज खाली आणला. "त्यांच्या भाचीला कळवलं. ती म्हणते, मावशीला मूल कधी झालंच नाही."

ओगिनोमे हात्सुएनं सातूच्या चहाचा पेला खाली ठेवला. ती अडुसष्ट वर्षांची होती आणि एकटी राहायची. छत्तीस वर्षं तिनं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. निवृत्तीनंतर वसाहतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायचं बिनपगारी काम तिच्याकडे आलं. यादीत तेवीस नावं. आठवड्याला प्रत्येकी एक फोन. 'बरं आहे ना?' 'बरं आहे.' की पुढचा नंबर. त्या यादीत तिचं स्वतःचं नाव नव्हतं, कारण विचारपूस करणाऱ्याची विचारपूस करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ऑक्टोबरपासूनचा हा तिसरा प्रकार," कोमियामा बोटांवर मोजत म्हणाले. "आधी साकाकी आजी, मग एबिहारा आजोबा. जिन्याजिन्यात एवढे कागद चिकटवले, 'मुलगा फोनवर पैसे मागतोय? आधी फोन ठेवा!' काय उपयोग? आता भाची रविवारी गाडी घेऊन येतेय. नसलेल्या मुलाला पैसे देते म्हणजे मावशीला भ्रम झालाय, म्हणते. तिकडे वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. किनुआजींचं घर रिकामं होणार."

किनुआजी त्या घरात बेचाळीस वर्षं राहत होत्या. हात्सुएला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तिच्या मनात पाल चुकचुकली. एकवेळ धरून चालू, आजींना भ्रम झाला. पण मग तो ठकाला कसा झाला? जगात नसलेल्या मुलाचं नाव त्याला सांगितलं तरी कुणी?

२

त्याच संध्याकाळी किनुआजींनी दार उघडलं ते साखळी न काढता.

"विचारणार असाल तर आल्या पावली परत जा."

"नाही विचारत. संत्री आणलीत."

साखळी निघाली. खोलीत कोतात्सु मांडलेला होता, म्हणजे खाली शेगडी आणि वर गोधडी घातलेलं बुटकं टेबल. बाहेर गॅलरीत सोललेली पर्सिमन फळं दोऱ्यांवर वाळत होती. दोघी पाय गोधडीत घालून बसल्या. हात्सुए खरंच काही विचारत नव्हती, नुसती बघत होती.

टेलिफोन. तो नेहमी दाराजवळच्या फळीवर असायचा. आता कोतात्सुच्या शेजारी स्टुलावर होता. वायर ताणली गेली होती, पण माणूस बसल्या जागी हात लांबवून उचलेल इतका जवळ. आणि गोधडीवर नारिंगी रंगाचे बारीक तंतू. पर्सिमनची साल म्हणावी तर साल अशी मऊ नसते.

"रविवारी नेणार आहेत म्हणे तुम्हाला," हात्सुए म्हणाली.

"माहीत आहे."

"जायचंय?"

"नाही."

"मग सांगून टाका ना काय झालं ते."

"बघा, विचारलंतच." आजी किंचित हसल्या. हसू आलं तसं गेलं. "हात्सुए-सान, काही गोष्टी अशा असतात, की सांगण्यापेक्षा वेडी ठरलेली बरी. संत्री तेवढी फ्रिजमध्ये ठेवा."

हात्सुए उठली. पाच वाजले आणि खांबावरच्या भोंग्यातून गावाचं रोजचं गाणं सुरू झालं, मुलांना घरी बोलावणारं. तिनं सहज मागे पाहिलं. आजींची नजर भोंग्याकडे नव्हती, खिडकीकडे नव्हती. ती टेलिफोनवर खिळली होती.

तेव्हा हात्सुएला आठवलं. तिच्या यादीत किनुआजींचा वार गुरुवार, वेळ पावणेपाच. गेल्या गुरुवारी नंबर लागला नव्हता, बिझी होता. शुक्रवारी परत लावला, तेव्हाही बिझी. या बाईचा फोन वर्षानुवर्षं कधी बिझी नसायचा.

तिनं फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात हिरव्या झाकणाची लांबट पारदर्शक डबी उभी होती. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये ती असायची. आत गुंडाळलेलं कार्ड, त्यावर आजार, औषधं, आणि काही झालंच तर कळवायचं कुणाला ते नाव. माणूस बेशुद्ध सापडला तर ॲम्ब्युलन्सवाले आधी फ्रिज उघडतात, कारण फ्रिज सगळ्यांकडे असतो आणि तो शोधावा लागत नाही. हात्सुएच्या स्वतःच्या कार्डावर नावाचा रकाना कोरा होता. तिनं तिथं एक आडवी रेघ मारून ठेवली होती, म्हणजे विसरली असं कुणाला वाटू नये.

"डबीला हात लावू नका!" आजी मागून ओरडल्या.

पण प्लास्टिक पारदर्शक होतं आणि कार्ड लिहिलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेलं होतं. हात्सुएनं वाचायचं ते वाचून झालं होतं. 'कळवायचे नाव: मुनाकाता तामोत्सु. नाते: मुलगा. राहणार: नागोया.'

३

शुक्रवारचा दिवस हात्सुएनं जिने चढण्यात घालवला.

आधी कोमियामा. "डब्या मीच वाटल्या," ते छाती काढून म्हणाले. "निम्म्यांची कार्डं मीच भरली. डोळे कुठे धड आहेत लोकांचे!"

"किनु-सानचंही?"

"हो तर. पण त्यांनी नाव सांगितलं नाही. मी म्हटलं, रकाना कोरा ठेवायचा नाही, चांगलं दिसत नाही. तर म्हणाल्या, मग ठेवा इथं, मी लिहीन. माझ्या वहीत बघा ना." वहीत मुनाकाता किनु या नावापुढे स्वच्छ अक्षरात होतं, 'कुणी नाही'.

मग घरकामाला मदत करणाऱ्या नागासेबाई. त्या साकाकी आजींकडे आणि एबिहारा आजोबांकडे रोज जायच्या, त्यामुळे वसाहतीत त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झालीच होती. बाई डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होत्या, म्हणजे ॲप्रन.

"सगळे माझ्याकडेच बघतात हो! साकाकी आजी तर पडदासुद्धा उघडत नाहीत आता. नवऱ्याच्या माघारी जपलेलं सगळं गेलं त्यांचं. एबिहारा आजोबा खऱ्या मुलाचा फोन घेत नाहीत, कुठल्या तोंडानं बोलू म्हणतात. आणि मी चोर?"

"किनु-सानकडे कधी गेला होतात?"

"एकदाही नाही. उंबऱ्याच्या आत घेतील तर शपथ! 'माझे हात चालतात,' म्हणाल्या आणि दार लावलं."

उरला उशिओ. हा डबेवाला. पन्नाशीचा, गोल तोंडाचा, घरी कुणी नाही. रोज अकराच्या सुमारास जेवणाचे डबे घेऊन यायचा, आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांचे डबे स्वतः फ्रिजमध्ये ठेवून द्यायचा. साकाकी, एबिहारा, किनुआजी, तिघंही त्याचीच गिऱ्हाइकं. हात्सुएला तो सायकलपाशी सापडला.

"किनुआजी? बऱ्या वाटतात की," तो म्हणाला. "जरा चक्रम झाल्यात, बस. मागच्या आठवड्यात मला म्हणाल्या, उशिओ-सान, हात पसरून उभे राहा. आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली! कशाला म्हटलं, तर म्हणे कपाट घ्यायचंय. माझ्या हाताएवढं कपाट कुठं असतं हो?" तो पोट धरून हसला.

हात्सुए हसली नाही. "उशिओ-सान, फ्रिजमधल्या डब्या तुम्ही उघडल्यात का?"

तिला वाटलं होतं, याचा चेहरा पडेल, हा उडवाउडवी करेल. झालं उलटंच. तो खुलला.

"तुम्हाला कळवलं वाटतं त्यांनी! सप्टेंबरमध्ये फोन आला होता, ज्येष्ठ कल्याण विभागातल्या बाईंचा. माझं नाव माहीत, डबे वाटायची माझी लाइन माहीत, कोमियामा-सानचंही नाव घेतलं. म्हणाल्या, कुणाला कुठलं औषध चालू आहे ते डब्याच्या स्वयंपाकघरात कळायला हवं, कार्डांचे फोटो तेवढे पाठवा. फार गोड बोलायच्या बाई. 'तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे म्हातारे जगतात,' म्हणाल्या." तो जरा थांबला. "असं कुणी बोलत नाही हो आपल्याशी. मी वाट बघायचो पुढच्या फोनची."

"पैसे दिले त्यांनी?"

"छे! मी घेतले असते का?"

हात्सुएनं त्याला सावकाश, शब्द जपून सांगितलं, तशा कुठल्याच बाई त्या विभागात नाहीत. ऐकता ऐकता तो सायकलच्या कडेला खाली बसला. चोरी करायला कुणी कुलूप फोडलं नव्हतं. एका भल्या माणसाच्या भलेपणालाच हाताशी धरलं होतं.

"किती घरांचे फोटो पाठवलेत?"

त्यानं नऊ बोटं दाखवली. तीन घरं झाली होती. सहा उरली होती.

४

शनिवारी साडेचारला हात्सुए पुन्हा किनुआजींच्या कोतात्सुपाशी बसली. या वेळी ती विचारायला नाही, सांगायला आली होती.

"तामोत्सु जगात एकाच ठिकाणी राहतो. तुमच्या फ्रिजमधल्या डबीत. कोमियामांना तो माहीत नाही, भाचीला माहीत नाही, नागासेबाई तुमच्या घरात आलेल्याच नाहीत. डबी उघडली उशिओनं, आणि ती कुणासाठी उघडतोय हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे नाव कसं फुटलं ते कळलं. पण किनु-सान, तामोत्सु तुम्हीच बनवलेला. मग ज्या दिवशी फोनवर तो 'आई' म्हणाला, त्याच क्षणी तुम्हाला कळलं असणार हा ठक आहे. तुम्हाला कुणी फसवलंच नाही."

आजी संत्र्याची साल सोलत राहिल्या.

"आणि ठकाला घाई असते. सावज हाती लागलं की त्याच दिवशी पैसे काढायला लावतो. तुमचा फोन मात्र गेल्या गुरुवारी बिझी होता आणि शुक्रवारीही. वाट बघायला तुम्ही तो उशाशी आणून ठेवलात. इतके दिवस कोण कुणाला झुलवत होतं?"

"कधी बँक बंद, कधी पुस्तक सापडत नाही, कधी पाय दुखतोय," आजी पुटपुटल्या. "दहा दिवस. रोज पावणेपाचला, पाच वाजेपर्यंत."

"गाठोडंभर नोटा असत्या तर ते जड झालं असतं. त्यानं ते दोन बोटांवर नेलं. तुमच्या गोधडीवर नारिंगी लोकर आहे. उशिओच्या हाताचं माप तुम्ही घेतलंत. गाठोड्यात पैसे नव्हते. स्वेटर होता."

आजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"कोमियामा म्हणाले, रकाना कोरा ठेवू नका. ते गेल्यावर मी लिहिलं. कुणाला दिसणार होतं? मेल्यावर ॲम्ब्युलन्सवाले बघतील, म्हणतील, हिलाही कुणी होतं. झालं! तामोत्सु हे नाव मी लग्न झालं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. साठ वर्षं ते कुणाला ऐकवलं नव्हतं. आणि एक दिवस फोन वाजतो आणि पलीकडून म्हणतो, 'आई, मी तामोत्सु. घसा बसलाय गं.' ठेवायला हवा होता फोन. मी म्हटलं, आल्याचं पाणी पी."

"बुधवारी स्वेटर पोचल्यावर?"

"पाच वाजायच्या आत फोन आला. खूप चिडला होता. पैसे कुठायत, म्हणाला. मी म्हटलं, नाहीत. आणि मला मुलगाही नाही, बाळा. कधीच नव्हता. मग तो गप्प. मला वाटलं फोन ठेवला. तर हळूच विचारतो, 'मग हा विणलास कुणासाठी?'"

"काय सांगितलंत?"

"काही सुचलं नाही. तेवढ्यात पाच वाजले, गाणं सुरू झालं. एका कानात आपल्या भोंग्याचं, दुसऱ्या कानात त्याच्याकडचं. दोन्ही संपेपर्यंत तो थांबला होता. मग ठेवला."

हात्सुएनं कान टवकारले. "त्याच्याकडचं? ते आपल्यासारखं नव्हतं?"

आजींनी चटकन तोंड मिटलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. प्रत्येक गावाचा पाचचा भोंगा आपापलं गाणं वाजवतो. छत्तीस वर्षं लाइनीवर गावोगावचे भोंगे ऐकलेल्या बाईसमोर ते गुणगुणणं म्हणजे ठकाचा पत्ता लिहून देणंच होतं.

"पोलिसांना सगळं सांगितलं तर रविवार टळेल," हात्सुए म्हणाली. "तुम्ही फसला नाहीत, भ्रम झालेला नाही, पैसा जिथल्या तिथं आहे. घर राहील तुमचं."

"आणि सगळ्या वसाहतीला कळेल, की ही म्हातारी ठकाशी आई-मुलगा खेळत होती." आजींनी संत्र्याची फोड तशीच खाली ठेवली. "आणि तो सापडला, की मग पाचला काय, हात्सुए-सान? तुम्ही सांगा. पाचला काय?"

हात्सुएच्याही घरी रोज पाच वाजायचे.

"सहा कार्डं उरलीत," ती शेवटी म्हणाली. "तो आवाज आता कुणाच्या तरी खऱ्या मुलाचा होईल. साकाकी आजींनी पडदे उघडले नाहीत अजून."

बाहेर भोंगा वाजू लागला. आजी तो संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हलक्या सुरात दुसरंच गाणं गुणगुणायला लागल्या. चार ओळी झाल्या. हात्सुएला दोनच पुरल्या.

"इसोहामा," ती म्हणाली. "रेल्वेनं पाऊण तास."

५

भाची रविवारी आली ती रिकामी गाडी घेऊन परत गेली. मावशीनं बँकेचं पुस्तक तिच्यापुढे टाकलं आणि वर विचारलं, "आता भ्रम कुणाला झाला होता?" बाकीचं, म्हणजे डबी, स्वेटर आणि दहा दिवस, आजींनी स्वतःच सांगितलं, कोमियामांच्या देखत. कोमियामांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जिन्यात कुणाला सांगितली नाही.

गुरुवारी पोलीस आले, तेव्हा हात्सुए आजींकडेच होती. इसोहामात स्टेशनमागच्या एका भाड्याच्या खोलीत सात जण सापडले होते. सात टेलिफोन, भिंतीवर चिकटवलेले कार्डांचे फोटो, त्यात तामोत्सुही. साकाकी आजींचं थोडंफार परत मिळेल असं वाटत होतं. किनुआजींशी बोलणारा एकवीस वर्षांचा होता. पकडला तेव्हा त्याच्या अंगात नारिंगी स्वेटर होता, आणि पुरावा म्हणून स्वेटर काढून द्यायला तो तयार नव्हता.

"बाह्या पुरल्या का त्याला?" आजींनी विचारलं.

पोलिसाला प्रश्न कळला नाही. तो नमस्कार करून गेला.

हात्सुए उठली. तिच्या यादीतली आजची सगळी नावं अजून व्हायची होती. जाता जाता तिनं फ्रिज उघडला. "जुनं कार्ड बदलायला हवं, किनु-सान. खोटं नाव ठेवता येणार नाही."

"बदललंय," आजी पाठमोऱ्याच म्हणाल्या.

डबीत नवं कार्ड होतं. 'कळवायचे नाव: ओगिनोमे हात्सुए. राहणार: इमारत पाच.' नात्याच्या रकान्यात लिहून खोडलेलं होतं, परत लिहून खोडलेलं होतं, आणि शेवटी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात मावेल तसं कोंबलं होतं, 'रोज पाचला फोन करते.'

हात्सुए जिना उतरली, अंगण ओलांडलं, आपल्या इमारतीचे चार मजले चढली. फ्रिजमधली स्वतःची डबी काढली, कार्डावरची आडवी रेघ खोडरबरानं पुसली आणि तिथं एक नाव लिहिलं.

भोंगा वाजायला लागला. तिनं यादी उघडली नाही. नंबर तिला पाठ होता. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"हात्सुए बोलतेय," ती म्हणाली. "जेवायला काय करताय आज?"